गोल्फ कोर्सवर वापसा येईपर्यंत: ओंटॅरियोतला माझा पहिला सीझन

गोल्फ मी आयुष्यात खेळलेलो नाही आणि अजूनही खेळत नाही. आधीच सांगितलेलं बरं, कारण गावाकडं सगळ्यांना वाटतंय पोरगा कॅनडात जाऊन गोल्फ खेळतोय. मी गवत सांभाळायला जातो. कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, राहुरीतून बीएस्सी ॲग्री, मग इथं येऊन प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पीजी केला (का केला ते विचारू नका, तेव्हा सगळेच तो करत होते) आणि वर्क परमिट हातात आल्यावर आठ महिने वेअरहाऊसमध्ये नाईट शिफ्ट. मार्च ते मे २०२५ हे तीन महिने कसे गेले ते लिहून ठेवतोय. ॲग्रीची बरीच पोरं इथं डिग्री ट्रंकेत ठेवून डिलिव्हरी करतायत, त्यातल्या एखाद्याला उपयोग झाला तर झाला.

राहायला मी ओरिलियात, टोरांटोपासून उत्तरेला दीड-दोन तासांवर. हा भाग स्नोबेल्टमध्ये, म्हणजे जास्त बर्फ पडणाऱ्या पट्ट्यात येतो. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर इथं असा बर्फ पडला की वर ग्रेव्हनहर्स्टला तर मीटरच्या वर साठला, आणि तो जो बसला तो मार्च संपत आला तरी पूर्ण उठला नाही. हे लक्षात ठेवा, पुढची अर्धी भानगड या बर्फामुळंच झाली.

अर्ज आणि कागदं

सीझनल जागा जानेवारी-फेब्रुवारीतच निघतात, एप्रिलमध्ये शोधायला गेलं की उरतं ते फक्त गोल्फ कार्ट धुण्याचं काम. मी जानेवारीत अकरा कोर्सना अर्ज केले, दोघांचं उत्तर आलं, त्यातल्या एकानं बोलावलं. १८ होलचा कोर्स, घरापासून गाडीनं पंचवीस मिनिटं. इंटरव्ह्यूमध्ये डिग्रीबद्दल एक प्रश्न, बाकी सगळे प्रश्न एकाच गोष्टीवर: पहाटे साडेपाचला येशील का, शनिवार-रविवार येशील का, गाडी आहे का. साडेपाचला बस नसते त्यामुळं गाडी नसेल तर या लाईनच्या नादी लागू नका. पगार तासाला १९ डॉलर ५० सेंट, त्यावेळी ओंटॅरियोत किमान वेतन १७ डॉलर २० होतं. म्हणजे फार मोठा नाही, आणि सुरुवातीला आठवड्याला जेमतेम २४ तास मिळाले कारण सगळा क्रू मार्चमध्ये लागत नाही. पहिले पाच-सहा आठवडे मी वेअरहाऊसच्या शनिवारच्या शिफ्टवर भाडं भरलं, ते धरून चाला.

कागदं अशी लागली: वर्क परमिटची कॉपी, सिन म्हणजे सोशल इन्शुरन्स नंबर (आपल्यासारख्या परमिटवाल्यांचा ९ ने सुरू होतो आणि परमिटबरोबरच संपतो, परमिट रिन्यू झालं की तोही रिन्यू करायचा, माझ्या रूममेटचा पगार यासाठीच दोन आठवडे अडकला होता), पगार खात्यात जमा व्हायला व्हॉइड चेक, टॅक्सचे टीडी-१ फॉर्म फेडरलचा वेगळा आणि ओंटॅरियोचा वेगळा. शिवाय सरकारचं फोर स्टेप्सचं सेफ्टी ट्रेनिंग. ते सरकारी साईटवर फुकट आहे, तासाभरात होतं. माझं वेअरहाऊसमुळं आधीच झालेलं होतं, ते सर्टिफिकेट अर्जालाच जोडलं होतं, आणि सुपरनं (कोर्सच्या सुपरिंटेंडंटनं) नंतर सांगितलं की फोन करायचं तेही एक कारण होतं. केमिकलच्या लेबलांचं व्हिमिस मात्र तिथंच बसून केलं. सेफ्टी बूट हिरव्या त्रिकोणाच्या शिक्क्याचे, १६० डॉलर. रेनसूट ७० डॉलर, यात पैसे वाचवू नका, मी आधी पंचवीसचा घेतला होता तो तिसऱ्या दिवशी मांडीत फाटला.

सुपर म्हणजे सुपरिंटेंडंट, कोर्सच्या गवताचा मालक म्हणा. मालक क्लबचा वेगळा असतो, पण गवतावर शब्द सुपरचा.

१० मार्च: बर्फाखाली काय चाललंय

घड्याळं आदल्याच दिवशी एक तास पुढं गेली होती, त्यामुळं पहाट अजूनच काळोखी. मला वाटलेलं पहिल्या दिवशी मशीन दाखवतील. सुपरनं हातात फावडं दिलं. ग्रीनवर (जिथं होल आणि झेंडा असतो तो गुळगुळीत गोल भाग) गुडघ्याच्या वर बर्फ होता, त्यात आम्ही खिडक्या खोदल्या. म्हणजे दोन फूट बाय दोन फुटाचा खड्डा, थेट गवतापर्यंत. खाली मऊ बर्फ लागला तर ठीक. फावडं खणकन वाजलं तर खाली घट्ट बर्फाची लादी आहे, आणि मग सुपरचा चेहरा उतरतो.

याचं कारण मला तिथंच उभ्याउभ्या कळलं. इथल्या ग्रीनवर दोन गवतं नांदतात, एक बेंटग्रास, जे मुद्दाम पेरलेलं असतं, आणि दुसरं पोआ, जे कुणी पेरत नाही, आपलं आपण घुसतं. लादीखाली गवताला हवा मिळत नाही आणि आतल्या आत कुजून तयार होणारे वायूही कोंडून राहतात. पोआ असल्या लादीखाली साधारण ४५ ते ६० दिवस तग धरतं, बेंट तीन-चार महिनेसुद्धा काढतं. सुपरच्या हिशोबानं डिसेंबरअखेर थोडं वितळून सखल जागी पाणी साचलं आणि तिथंच गोठलं. बोटं मोजा. सात नंबरच्या ग्रीनचा खालचा कोपरा सगळा पोआचा आणि लादीखाली सत्तर दिवस झालेले.

मग नमुने. ड्रिलला होल-सॉ लावून लादी आणि गोठलेली माती कापायची आणि वाटीएवढा गवताचा गड्डा वर काढायचा. सातव्या ग्रीनचा गड्डा बाहेर आला तेव्हा जो वास आला तो ज्यानं मुरघासाची बिघडलेली बॅग उघडलीय त्याला लगेच कळेल, आंबूस, नाकात बसणारा. असे बारा गड्डे आम्ही शॉपमध्ये (कोर्सच्या वर्कशॉपमध्ये) आणले, जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत ठेवले, वर टेप लावून नंबर टाकले, खिडकीत उन्हाला मांडले आणि रोज थोडं पाणी. घटस्थापनेचे घट बघावेत तसा मी रोज पहाटे आल्याआल्या ते डबे बघायचो. आठ-नऊ दिवसांत बहुतेक डब्यांत पोपटी टोकं आली. सात नंबरच्या दोन डब्यांत काहीच आलं नाही, तपकिरी ते तपकिरीच.

निदान कळलं तरी. आता करायचं काय, तर स्नोब्लोअरनं वरचा बर्फ उडवायचा, पण पूर्ण नाही, एक पातळ थर ठेवायचा, कारण उघड्या गवतावर रात्रीची उणे पंधरा आली की आधी वाचलेलंही मरतं. वर काळी वाळू फेकायची म्हणजे ऊन शोषून बर्फ लवकर वितळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वितळलेलं पाणी ग्रीनवरून बाहेर जायला वाट करून द्यायची. दिवसा वितळतं, गवताचा बुडखा (मुळांच्या वरचा भाग) ते पाणी पिऊन तट्ट फुगतो आणि रात्री पुन्हा गोठलं की आतल्या पेशी फुटतात. त्यामुळं मार्चचे मधले दोन आठवडे मी कुऱ्हाड आणि फावडं घेऊन बर्फात पाट काढत हिंडत होतो. सरीला पाणी धरायची सवय असलेल्या माणसाला पाणी घालवायला लावलं होतं.

उरलेला वेळ शॉपमध्ये. टी-मार्कर (पहिला फटका जिथून मारतात त्या जागेच्या खुणा) घासून रंगवणे, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्यांच्या) दाताळ्यांचे दांडे बदलणे, मेकॅनिकला हात देणे. ग्रीनचा मोवर आपल्या लॉनमोवरसारखा फिरत्या पात्याचा नसतो, रीलचा असतो, खाली पोलादी पट्टी आणि वर गोल फिरणारी पाती, दोन्ही मिळून कात्रीसारखं कापतात. धार लावून झाली की मेकॅनिक कागदाची पट्टी मध्ये धरून हातानं रील फिरवायचा. कागद कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ कापला गेला पाहिजे, एका ठिकाणी जरी दुमडला तरी पुन्हा सेटिंग. एका मोवरवर अर्धा दिवस गेला, मला कंटाळा आला, त्याला नाही आला.

२८ ते ३० मार्च: बर्फाचा पाऊस आणि पाडवा

शुक्रवारी संध्याकाळी फ्रीझिंग रेन सुरू झाला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: पाऊस साधाच पडतो, पण जिथं पडतो तिथं गोठतो. फांदीवर, तारेवर, गाडीच्या हँडलवर, काचेचा थर चढत जातो. शनिवारी पहाटे आवाज यायला लागले, आधी वाटलं कुणी फटाके वाजवतंय. झाडं मोडत होती. लाईट गेली, शहरात आणीबाणी जाहीर झाली, आमच्या बेसमेंटची लाईट पाचव्या दिवशी आली आणि तरी आम्ही नशीबवानच, कारण काही जणांची त्यानंतरही बरेच दिवस आली नव्हती.

रविवारी ३० तारखेला गुढीपाडवा. स्टोव्ह विजेचा, त्यामुळं श्रीखंड-पुरी वगैरे विषयच नाही, तिघा रूममेटनी (एक पंजाबी, एक मल्याळी) ब्रेड आणि चिवडा खाल्ला. फोन चार्ज करायला गाडीत जाऊन बसलो आणि तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. आईला बाहेरची झाडं दाखवली. ती पहिल्यांदा म्हणाली, "अगं बाई, काचेचं झालंय सगळं." आणि लगेच दुसरा प्रश्न, "कोर्सवरची झाडं पडली असतील तर पंचनामा झाला का? भरपाई देतात का तुमच्याकडं?" अण्णा मागून म्हणाले, "त्याचं शेत आहे का ते?" मला हसू आलं, पण पुढच्या आठवड्यात कामावर गेलो तर सुपरनं खरंच मला टॅबलेट देऊन इन्शुरन्ससाठी प्रत्येक पडलेल्या झाडाचे फोटो काढायला पाठवलं, होल नंबर, झाडाची जात, अंदाजे घेर. आईला मेसेज केला: पंचनामा मीच करतोय.

त्या आठवड्यात आधी कोर्सवर कुणाला पाऊल टाकू देत नव्हते, वर लटकलेल्या फांद्या आणि बर्फाचे तुकडे खाली येत होते. चेनसॉ फक्त ट्रेनिंग झालेल्यानं चालवायची, बाकीच्यांनी फांद्या ओढायच्या. आमच्या क्रूमध्ये अर्धे लोक रिटायर्ड आहेत, सकाळी काम करायचं आणि दुपारी फुकट गोल्फ खेळायचा हा त्यांचा सौदा. त्यातले एक आजोबा, सत्तरी ओलांडलेले, दिवसभर माझ्या दुप्पट फांद्या ओढायचे आणि डब्यातलं सँडविच खाताना म्हणायचे, हिवाळ्यात घरी बसून माणूस गंजतो. एप्रिलचे पहिले दोन आठवडे पूर्ण फांद्या, चिपर (फांद्यांचे तुकडे करणारं मशीन), पुन्हा फांद्या. गवताचं काम शून्य. हातमोजे तीन जोड्या संपल्या, ते मात्र क्लबनं दिले.

बुरशी आणि तिची नोंदवही

बर्फ पूर्ण उठला तसे फेअरवेवर (टी आणि ग्रीनच्या मधली गवताची लांब पट्टी) गोल गोल ठिपके दिसायला लागले, लहान बशीएवढे ते परातीएवढे, राखाडी, काही कडेला गुलाबी. स्नो मोल्ड. राखाडी बुरशीला वाढायला बर्फाचं पांघरूण लागतं, दोन महिन्यांच्या वर राहिलं की तिची चंगळ, आणि त्या हिवाळ्यात तर चार महिने होतं. गुलाबीला बर्फ असलाच पाहिजे असं नाही, नुसती थंडी आणि ओल पुरते. पहाटे दव असताना ठिपक्याच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसतं. गुडघ्यावर बसून पानं नखानं बाजूला केली की मोहरीएवढ्या तांबूस आणि काही ठिकाणी खसखशीएवढ्या काळ्या गोळ्या चिकटलेल्या दिसतात. बुरशी उन्हाळाभर त्या गोळ्यांत झोपते. राहुरीत पॅथॉलॉजीच्या जर्नलमध्ये याच्या आकृत्या काढल्या होत्या, बहुतेक मित्राच्या बघून, प्रत्यक्ष आत्ता बघितल्या.

ग्रीनवर फारसं काही नव्हतं कारण तिथं नोव्हेंबरात बर्फाच्या आधी बुरशीनाशक मारलेलं होतं. सगळ्या फेअरवेवर मारायचं तर खर्च परवडत नाही. आणि वसंतात ठिपके दिसल्यावर औषध मारून फारसा उपयोग नसतो, हे मला पटायला वेळ लागला. आपल्याकडं रोग दिसला की दुकानदाराकडं पळायचं आणि दोन बाटल्या आणायच्या. इथं सुपर म्हणाला हलकं दाताळं फिरव, चिकटलेली पानं सुटी कर, हवा लागू दे, आणि सोड. खालचा बुडखा जिवंत असेल तर भरून येतं.

इथं कागदपत्र भरपूर आहे. ओंटॅरियोत २२ एप्रिल २००९ पासून शोभेच्या लॉनवर औषधं मारायला बंदी आहे. तुमच्या घरापुढच्या हिरवळीवर नेहमीचं रासायनिक तणनाशक चालत नाही. गोल्फ कोर्सला सूट आहे पण अटींवर: आयपीएमची (एकात्मिक कीड व्यवस्थापनाची) मान्यता घ्यायची, रोग-किडींची नियमित पाहणी करून नोंद ठेवायची, कुठलं औषध किती आणि का मारलं त्याचा वार्षिक रिपोर्ट लोकांसाठी प्रसिद्ध करायचा. फवारणी लायसन्सवाल्याच्या हाताखालीच. माझ्या ॲग्रीच्या डिग्रीचा उपयोग झाला तो या नोंदवहीत. होल नंबर, तारीख, रोग, किती टक्के भाग, फोटो. अठरा फेअरवे चालत फिरून ही पाहणी करायला पहिल्यांदा दोन सकाळी लागल्या, महिनाअखेर तीन तासांत व्हायची. तुम्ही ॲग्रीचे असाल तर इंटरव्ह्यूत "मला पाहणी आणि नोंदी जमतात" एवढं नक्की सांगा, मी सांगितलं नव्हतं, नंतर त्यांनाच कळलं.

चाकोरी

आता माझी चूक. १५ एप्रिल, मंगळवार. ऊन पडलेलं, वरून फेअरवे कोरडा दिसत होता. बाराव्या होलजवळून फांद्यांनी भरलेली युटिलिटी गाडी घेऊन येताना मी कार्टपाथ सोडून ग्रीनच्या पुढच्या भागातून शॉर्टकट मारला. वीस फूट गेलो आणि मागची चाकं बसली. खाली जमीन अजून गोठलेली होती, वरचे चार-पाच इंच वितळलेले आणि ते पाणी खाली जायला जागा नाही, म्हणजे वरून पापडी आणि आत शिरा. बाहेर काढताना अजून पिसाळलं. पंचवीस फूट लांब, घोट्याएवढ्या खोल दोन चाकोऱ्या.

रेडिओवर सांगायला हात उचलेना. पाच मिनिटं नुसता बसलो. सांगितल्यावर सुपर आला, ओरडला नाही, त्यानं टाच जमिनीत दाबली आणि वळवली. टाचेभोवती पाणी चमकलं. मग मला म्हणाला तूही कर. मग शेजारच्या उंचवट्यावर नेलं, तिथं दाबली, तिथं जमीन दबली पण पाणी आलं नाही. तो इंग्रजीत चार वाक्यं जे समजावत होता त्याला आपल्याकडं एक शब्द आहे, वापसा, म्हणजे रानात औत घालता येईल इतपत ओल उतरणं. मला लाजच वाटली. पावसाळ्यात अण्णा मातीचा गोळा मुठीत दाबून सोडायचे, फुटला तर औत, नाहीतर घरी. कुणी कितीही घाई केली तरी वापशाशिवाय त्यांनी रानात बैल घातला नाही, आणि मी पदवी घेऊन ट्रॅक्टरएवढं वजन चिखलात घातलं.

चाकोऱ्या बुजवायला मी आणि ते आजोबा दीड दिवस लागलो. वरून माती भरायची नाही, हे मला माहीत नव्हतं. काटा तिरका खुपसून दबलेली माती खालून वर उचलायची, थोडी थोडी, मग पायानं सपाट. जिथं गवत फाटलं तिथं नर्सरीतून कापून आणलेला तुकडा बसवायचा.

त्याच आठवड्यात खेळाडूंचे फोन सुरू झाले. कधी उघडणार, शेजारचा कोर्स उघडला, तुमचाच का बंद. गुड फ्रायडेला (१८ एप्रिल) तर एक गृहस्थ थेट शॉपच्या दारात. त्यांना वाटतं बर्फ गेला म्हणजे झालं. सुपर हसून म्हणायचा लवकरच, आणि दार लावल्यावर जे म्हणायचा ते इथं लिहीत नाही.

पाणी, पहिली कापणी, होल

स्प्रिंकलरची लाईन शरद ऋतूत कॉम्प्रेसरनं हवा मारून रिकामी करतात, नाहीतर पाणी गोठून पाईप फुटतात. ती पुन्हा भरायचं काम २२ एप्रिलला. इथं मी पहिल्यांदा कुणाला न विचारता बरोबर बोललो, कारण नदीवरून शेतापर्यंत लिफ्टची पाईपलाईन भरताना एअर व्हॉल्व्ह बंद राहिला तर काय होतं ते मी बारावीत बघितलंय, अण्णांचा तेव्हा चाळीस हजारांचा पाईप गेला होता. इथंही तेच, कमी दाबानं सावकाश भरायचं, लांबच्या टोकाचे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे, फुसफुस करत हवा गेली आणि सलग धार लागली की बंद. पूर्ण लाईन भरायला दीड दिवस. तीन ठिकाणी गळती, तिथं झेंड्या लावल्या आणि हातानं खोदलं.

पहिली कापणी २५ तारखेला. उन्हाळ्यात ग्रीन तीन-सव्वातीन मिलिमीटरवर कापतात, हो मिलिमीटर, पण पहिल्यांदा चार-साडेचारवर, फक्त टोकं उडवायची. चालत ढकलायचा मोवर, आणि रेघ सरळ आली पाहिजे. माझी पहिली रेघ वाकडी, दुसरी ती झाकायला गेल्यामुळं अजून वाकडी. आजोबा म्हणाले मोवरकडं बघू नको, समोरच्या झाडाकडं बघ. अण्णांनी नांगराचा तास धरताना हेच सांगितलेलं, बैलाच्या शेपटीकडं बघू नको, बांधावरच्या बाभळीकडं बघ. चौथ्या ग्रीनपासून जमायला लागलं.

होल पाडायचं वेगळं हत्यार असतं. व्यास सव्वाचार इंच, जगभर तेवढाच, खोली कमीत कमी चार इंच. दाबून, फिरवून मातीचा अख्खा नळकांडा वर काढायचा आणि तो जुन्या होलात बसवायचा, तोही इतका सपाट की हात फिरवला तर जोड लागता कामा नये. हे मला अजून नीट येत नाही. माझा कायम दोन-तीन मिलिमीटर वर राहतो आणि दुसऱ्या दिवशी मोवर तो सोलतो.

सकाळी दहिवर गोठलेलं असेल तर कुणालाच सोडत नाहीत, खेळाडूंना नाही आणि आम्हालाही नाही. गोठलेल्या पानावर पाय पडला की पेशी मोडतात, त्याक्षणी काही दिसत नाही, दुपारी काळपट पावलं उमटतात आणि आठवडाभर तुमच्या बुटाचा नंबर सगळ्या क्लबाला वाचता येतो. म्हणून तासनतास कॉफी पीत बसायचं. पगार चालू असतो, तरी मला सुरुवातीला अपराधी वाटायचं, हातात झाडू घेऊन उगाच शॉप झाडत बसायचो.

सातव्या ग्रीनचा तो मेलेला कोपरा शेवटी खरवडून बेंटचं बी टाकलं. हे बी इतकं बारीक की एका किलोत कोटीच्या वर दाणे बसतात, शिंक आली तर गेलं. वर ऊब धरायला पांढरं कव्हर. उन्हाळ्यात आठवड्यात उगवतं, एप्रिलअखेरच्या गार मातीत तीन आठवडे लागले. तोवर त्या होलासाठी फेअरवेवरच तात्पुरतं ग्रीन केलं.

उघडलं

कोर्स २ मेला उघडला, शुक्रवारी. आम्ही साडेचारला आलो होतो. सात वाजता पहिला ग्रुप आला आणि पहिल्या टीवरून पहिल्याच फटक्यात एकानं वीतभर गवताचा तुकडा उडवला. माझ्या पोटात कालवलं, आजोबा खांद्यावर हात ठेवून म्हणाले सवय होईल.

मेच्या मध्यात एरेशन केलं, म्हणजे ग्रीनवर हजारो भोकं पाडून बोटाएवढे मातीचे गोळे काढायचे आणि वाळू भरायची. खेळाडू वैतागतात, उघडून दोन आठवडे झाले नाहीत तर खोदून ठेवलं म्हणून. पण वर्षभर पायांनी दबलेल्या मातीत मुळाला हवा मिळायला दुसरा उपाय नाही, आणि थोडं ऊबदार झाल्याशिवाय करून उपयोग नाही कारण भोकं भरून येत नाहीत.

हिशोब विचाराल तर: मार्चमध्ये हातात आलेले पैसे वेअरहाऊसपेक्षा बरेच कमी, एप्रिलमध्ये फांद्यांमुळं तास वाढले म्हणून जवळजवळ बरोबरी, मेपासून आठवड्याला ४४ तास. नोव्हेंबरअखेर काम संपतं, मग क्रूमधले बरेच जण ईआय (सरकारी बेकारी विमा) घेतात. परमिटवाल्यांनाही तास पुरे भरले असतील तर ते मिळू शकतं, पण आधी स्वतः नीट चौकशी करा, माझ्या शब्दावर राहू नका. आणि कंबर. पहिले तीन आठवडे रात्री मूव्ह लावल्याशिवाय झोप नाही.

अण्णांना सातव्या ग्रीनवर उगवलेल्या बेंटचा जवळून व्हिडिओ पाठवला होता, जमिनीसरशी पसरणारे धुमारे दिसतात त्यात. त्यांचा रिप्लाय आला, "ही हरळीच आहे की. आम्ही जन्मभर उपटली आणि तुला ती लावायचा पगार मिळतो." हरळी नाही ती, आपली हरळी म्हणजे बर्म्युडा, गरम देशातल्या गोल्फ कोर्सवर तीच असते, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

२३ मेला रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी साडेसहाला रेडिओ वाजला, सुपर म्हणाला मोठा मोवर बाराव्यावर आणायचाय, तू जवळ आहेस, बघून सांग. मी गेलो. चाकोऱ्या बुजल्यात, पण तिथलं गवत अजून एक छटा फिकट आहे, मला ओळखू येतं. टाच दाबली, वळवली. कडेनं पाणी चमकलं. रेडिओ तोंडाजवळ धरून म्हणालो, नॉट येट. पलीकडून ओके आलं, आणि मी बंकरमधली वाळू ओढायला गेलो.